बायझंटाइन चित्रकला व अधोगतीचा आक्षेप

ख्रिस्ती कलेचा इतिहास सांगतांना रोमन वैभव, मग बायझंटाइन अधोगति व शेवटीं इटलींतील पुनरुज्जीवन, असा क्रम कित्येक लेखक अजूनहि निःशंकपणें मांडतात. या मताचें एक मूळ वसारीच्या १५५० सालच्या चित्रकारचरित्रांत आहे. ग्रीक पद्धतीचीं चित्रें त्यास ओबडधोबड वाटलीं. परंतु वसारी हा स्वतः नव्या पद्धतीचा चित्रकार. तेव्हां हा वादीनेंच दिलेला निवाडा होय.

त्या कलेचें प्रयोजनच निराळें. प्रतिमेस दिलेला मान मूळ रूपास पोंचतो, असें ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनें ठरविलें. प्रतिमाभंजकांशीं चाललेला वाद ८४३ मध्यें मिटला. आधीं ध्यान व मग घडण, हा क्रम शिल्पशास्त्रामुळें ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांनीं तरी सोनेरी पार्श्वभूमि, समोर रोखलेली दृष्टि व ठराविक हस्तमुद्रा यांस अज्ञान म्हणूं नये. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रहि प्रमाणें व स्थानें नेमूनच देतें.

असाच एक ग्रंथ फुर्ना येथील डायोनिसियसाचा. १८३९ मध्यें दिद्रों या फ्रेंच पंडितास तो एथॉस पर्वतावर आढळला व १८४५ मध्यें त्याचें फ्रेंच भाषांतर निघालें. प्रथम तो फार प्राचीन मानला गेला. वस्तुतः तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. पोथी अलीकडची म्हणून तींतील परंपरा अलीकडची ठरत नाहीं, तसेंच परंपरा जुनी म्हणून पोथीस जुनेपण चढत नाहीं. आमचे संग्राहक ही दुसरी चूक वारंवार करितात!

वसारीच्या आक्षेपास खरें उत्तर मात्र गोव्याच्या वाटेवर मिळतें. त्याच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति १५६८ ची. पुढच्याच वर्षीं जेझुइटांनीं रोममधील सांता मारिया माज्जोरे येथील मातृचित्राची प्रत काढण्याची परवानगी मिळविली. मातेच्या हातीं दरबारी रुमाल, बालकाच्या हातीं ग्रंथ, असें तें ग्रीक घाटाचें चित्र. १५७९ च्या नोव्हेंबरांत गोव्याहून निघालेल्या आक्वाविवाच्या मंडळानें त्याची प्रत फत्तेपूर-सिक्रीस नेली व १५८० मध्यें अकबरानें तिला आदरानें मान दिला. संत लूकाच्या नांवामुळें तें निवडलें, कलेमुळें नव्हे, असें कोणी म्हणेल. तें अंशतः खरें आहे. तथापि नव्या पद्धतीचे निष्णात चित्रकार रोममध्यें हाताशीं असतां दूरदेशीं पाठविण्यास जुनाच घाट योग्य वाटला, ही गोष्ट अधोगतीच्या मताशीं जुळत नाहीं.