पातळी कळली, पाणी कळले का?

'सावित्रीने धोक्याची पातळी ओलांडली' हे वाक्य दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते आणि आपण शिक्षकही पुराचा पाठ त्याच्यावरच संपवतो. वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे, हे आमचे म्हणणे. पातळी म्हणजे पाण्याची उंची. दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते, तो विसर्ग. या दोहोंत गल्लत झाली की पुराचा अंदाज चुकतो.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते व पोलादपूरवरून महाडला येते. वर उतार तीव्र, म्हणून पाणी वेगात. महाडला उतार मंदावतो, काळ व गांधारी नद्यांचे पाणी मिळते आणि बाणकोट खाडीतून भरती वर चढते. भरतीने पाणी तुंबले की विसर्ग न वाढताही पातळी वाढते. म्हणून पट्टीवरचा एकच आकडा दोन निराळ्या पुरांचा असू शकतो.

मग आधुनिक उपकरणांनी प्रश्न सुटेल? निम्मा सुटेल. पाण्यातील कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेत फरक पडतो. त्यावरून ध्वनी-डॉप्लर यंत्र निरनिराळ्या खोलींवरचा वेग सांगते. पण ओंडके वाहून आणणाऱ्या पुरात ते उतरवणे धोक्याचे. पुलावरचे रडार पाण्याला शिवत नाही. मात्र ते फक्त पृष्ठभागाचा वेग मोजते. सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणतात आणि मग पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने. पुराने पात्र खरवडले किंवा गाळाने भरले, की जुना छेद निरुपयोगी. म्हणजे यंत्र कितीही नवे असो, पात्र पुन्हा पुन्हा मोजावेच लागते.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महाड शहर पाण्यात बुडाले.

पूर ओसरल्यावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, मुलांना गावच्या उथळ ओढ्यावर न्यावे. लाकडाचा तुकडा १० मीटर अंतर ८ सेकंदांत गेला, तर पृष्ठवेग १.२५ मीटर प्रतिसेकंद. त्याला ०.८५ ने आणि २ चौरस मीटर छेदाने गुणले की विसर्ग सुमारे २.१ घनमीटर प्रतिसेकंद. एवढे स्वतः मोजलेले मूल पुढे बातमी वाचताना 'किती चढले?' एवढ्यावर थांबणार नाही. 'किती वाहते आहे, आणि भरती केव्हा?' हेही विचारील.