पाच सप्टेंबरचे उत्सवमूर्ती

आमच्या घरी दर वर्षी ५ सप्टेंबरला शेवयांची खीर होते. शिक्षकदिन म्हणून नव्हे. त्या दिवशी डॉ. राधाकृष्णन यांच्याखेरीज आणखी एका गृहस्थांचा जन्मदिवस असतो. घरात माझ्यावाचून कोणाचाच त्यांच्याशी ऋणानुबंध नाही. खीर मात्र सगळे खातात. १९४६ साली या दिवशी झांजिबार बेटावर बोमी आणि जेर बुलसारा या पारशी दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव फारुख. जगाने पुढे त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले. वाढदिवसाच्या सकाळी पारशी घरात शेव आणि गोड दही करतात, असे मला एका पारशी स्नेह्याने सांगितले होते. गोड दह्याची कल्पना हिच्या पचनी पडेना, म्हणून खिरीवर तडजोड झाली.

२०२५ साली हा दिवस अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आला. खाली मंडळाच्या मांडवात ढोल घुमत होते आणि वर आमच्या दिवाणखान्यात माझा भाचा आपल्या मित्रांसह, काजळाच्या मिशा काढून आणि केरसुणीचा दांडा मायक्रोफोनसारखा धरून उभा होता. मिशांची ही कल्पना त्याच्या डोक्यातली नव्हे. फ्रेडीच्या मागे त्याच्या मित्रांनी १९९२ साली एड्सच्या निवारणासाठी जो न्यास काढला, त्याने चाहत्यांना या दिवशी एक दिवसापुरते फ्रेडी होण्याचे आवाहन केले आणि खोट्या मिशा देशोदेशी पोहोचल्या. स्वित्झर्लंडात माँत्रो येथे, सरोवराच्या काठी, १९९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे. तेथे सप्टेंबरात भक्तांचा मेळा भरतो. सत्तराव्या वाढदिवशी तर एका लघुग्रहाला त्याचे नाव मिळाले. मूर्ती, जत्रा, आकाशात स्थान! आपल्याकडे संतांनासुद्धा याहून अधिक काय मिळते?

मला या उत्सवाचा राग नाही. असता तर खीर कशाला केली असती? पण मिशीवाले भक्त आणि दुसऱ्या एका जातीचे भक्त, या दोघांशीही माझे थोडे भांडण आहे. ही दुसरी जात आपल्याकडेच आढळते. त्यांना फ्रेडीचे गाणे फारसे ठाऊक नसते. त्यांना ठाऊक असते ते एवढेच, की तो ‘आपल्या पाचगणीचा’.

गोष्ट खरी आहे. आठव्या वर्षी त्याला बोटीने इकडे पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. तेथे तो पियानो शिकला आणि तेथल्याच पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. गंमत अशी, की त्यात गाणारा मुलगा दुसराच होता. हा मागे पियानोवर बसे. फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तोही याच शाळेत. १९६३ साली तो झांजिबारला परतला, पुढल्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला येऊन राहिले.

मीही एकदा या भाबडेपणाच्या आहारी गेलो होतो. ऐन सप्टेंबरात पाचगणीला गेलो. धुके इतके, की हातावरचे सिल्व्हर ओक दिसेनात. परत आल्यावर सगळ्या ध्वनिमुद्रिका काढून बसलो आणि त्यांत पाचगणी शोधू लागलो. एखादी मुरकी, एखादा आपल्या वळणाचा स्वर, काहीतरी! काही सापडले नाही. जे सापडेल असे वाटले ते माझ्याच कानांनी घातलेले होते. या बालपणाविषयी तो स्वतः मुलाखतींतून फारसे बोलत नसे. १९७० च्या सुमारास त्याने बुलसारा हे आडनाव टाकले आणि बुध ग्रहाचे नाव घेतले. जो माणूस इतक्या निश्चयाने स्वतःला नवा जन्म देतो, त्याच्यावर जन्मगावाचा वा शाळेचा हक्क सांगणे मला असभ्यपणाचे वाटते.

तरीही मराठी माणसाचे त्याच्याशी नाते आहे, आणि ते रक्ताचे नसून कानाचे आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या हयातीत इंग्लंडातल्या संगीत-साप्ताहिकांनी त्याच्यावर एकच आरोप पुनःपुन्हा केला: हा नाटकी आहे. रॉक संगीत म्हणजे मनातले ओबडधोबड सत्य, तेथे झगमगीत अंगरखे आणि मुकुट कशाला? हा आरोप वाचला की मला हसू येते. ज्या समाजाने शालू नेसलेल्या बालगंधर्वांवरून जीव ओवाळून टाकला, एका पदासाठी नाटकाचे कथानक अर्धा तास ताटकळत ठेवले, त्याला नाटकीपणा आणि सच्चेपणा यांत वैर आहे असे कोण पटवून देणार? १९८४ साली ‘आय वाँट टु ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत फ्रेडी आणि त्याचे तिन्ही साथीदार बायकांच्या वेषात आले, फ्रेडी तर मिशीसकट आणि हातात झाडणीचे यंत्र घेऊन. अमेरिकेत पुष्कळांना ते रुचले नाही. आमच्या आजोबांनी वेष जरा गबाळा आहे एवढीच तक्रार केली असती.

त्याचे सर्वांत गाजलेले गाणे म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. ते १९७५ चे. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे ध्रुपदावाचून चालते. आरंभी नुसते कंठस्वर, मग पियानोच्या साथीवर आईपाशी दिलेली कबुली, मग एकदम ऑपेराचे विडंबन, मग गिटारचे तांडव, आणि शेवटी सारे विझत विझत एका झांजेच्या घुमाऱ्यात संपते. ऑपेराच्या भागासाठी तिघांचे आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले, की ध्वनिफीत झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला, अशी आठवण त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. मधला भाग शुद्ध थट्टेचा आहे. पण ही थट्टा काढून टाका आणि शेवट ऐका: तो निव्वळ रडका वाटेल. विदूषकाचा प्रवेश होऊन गेल्यावरच ते दुःख खरे वाटते. हे ज्याला कळले त्याला नाटक कळले.

मात्र माझ्या घरी पहिला मान ‘समबडी टु लव्ह’ला. १९७६ च्या या गाण्यात अरेथा फ्रँकलिनच्या गाण्याचे ऋण उघड आहे. तीनच माणसे गाऊन चर्चमधला अख्खा वृंद उभा करतात. त्यांच्यासमोर एकटा माणूस देवाशी हुज्जत घालतो. ‘ऱ्हॅप्सडी’त कारागिरीचा थोडा तोरा आहे. येथे ती सगळी एका विनवणीच्या कामी आली आहे.

आवाजाविषयी दंतकथा फार. २०१६ साली काही संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांची मोजणी केली. तेव्हा असे दिसले, की त्याच्या बोलण्याचा स्वर खालच्या पट्टीतला होता, आणि गाताना आवाजाला जे कंपन येते ते सेकंदाला सुमारे सात वेळा होई. तालीम घेतलेल्या पाश्चात्य गायकांत ते बहुधा याहून संथ असते. त्याच्या सुरात नेहमी एक थरथर, एक उतावीळ जाणवते ती यामुळेच असावी. १९८८ साली माँसेरात काबायेबरोबर केलेल्या ‘बार्सेलोना’त हा फरक स्पष्ट ऐकू येतो. बाईंचा सूर तळ्यासारखा स्थिर. याचा वाऱ्यावरच्या ज्योतीसारखा. त्या शेजारी तो कमी पडत नाही, पण दमतो, आणि ते दमणे मला आवडते. १९८५ ची त्याची स्वतंत्र तबकडी ‘मिस्टर बॅड गाय’ मात्र मला कधीच आवडली नाही. वाढदिवसाच्या दिवशी अप्रिय बोलू नये. पण तेथे यंत्रे फार वाजतात आणि अडवणारे साथीदार नाहीत.

त्याच वर्षी १३ जुलैला वेंब्लेच्या मैदानावर तो एकवीस मिनिटांसाठी आला. सुमारे बहात्तर हजार श्रोते समोर. मध्येच वाद्ये थांबवून त्याने एक शब्दहीन स्वर लांबवला आणि तो लोकांकडे टाकला. त्यांनी परत केला. मग अधिक वाकडा, अधिक अवघड. आमच्याकडचा कसलेला कीर्तनकार श्रोत्यांच्या गळ्यात भजन घालतो ते हेच. श्रोत्यांना झेपेल त्याच्या किंचित पुढे राहायचे, आणि त्यांना ते झेपले की त्यांच्याइतकेच खूश व्हायचे. ते दृश्य लावले तेव्हा आमची काजळमिशी सेनाही ओरडू लागली. खालच्या ढोलवाल्यांनी काय समज करून घेतला कोण जाणे, पण त्यांनी लय वाढवली.

शेवटचे गाणे मी दर वर्षी तेच लावतो. ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ रॉजर टेलरने लिहिले. चित्रण मे १९९१ चे, कृष्णधवल. अमेरिकेत ते ५ सप्टेंबरला प्रसिद्ध झाले. फ्रेडीचा तो पंचेचाळिसावा आणि अखेरचा वाढदिवस. २३ नोव्हेंबरला त्याने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून त्याला निरोप दिला. या चित्रणात तो जवळजवळ हलत नाही. एरवी सारे मैदान तुडवणारा माणूस एका जागी उभा राहून, हातांच्या थोड्याशा हालचालींवर सारे गाणे पेलतो. येथेही तो नट आहेच, फक्त रंगमंच दोन पावलांचा उरला आहे.

भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. “मामा, हा कोण? ह्याला मिशा कुठे आहेत?”

मी म्हटले, “तोच तो.”

त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. पण फ्रेडीच्या जाकिटावर त्याच्या लाडक्या मांजरांची चित्रे आहेत, ती त्याच्या नजरेस पडली, आणि नाकाखालचे काजळ बाहीला पुसत तो ती मोजू लागला.