सरकार, सक्ती आणि स्वातंत्र्य : शरद जोशी यांच्या विचाराचे एक वाचन

परंड्याचा किल्ला पाहावयास आलेल्या पाहुण्याला येथील माणसे एक गोष्ट हटकून सांगतात. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ एके काळी याच किल्ल्यात होती. १५४९ साली अहमदनगरला ती ओतली गेली आणि १६३२ साली आदिलशाहीने ती परंड्याहून विजापूरला नेली. तोफ गेली, निजामशाही बुडाली, मोगल आले, त्यांच्यामागून हैदराबादचे निजाम आले आणि १९४८ च्या सप्टेंबरात तोही अंमल संपला. निशाणे बदलत राहिली. खळ्यावर धान्य पडले की वसुलीसाठी येणारा माणूस मात्र कोणत्याच राजवटीत चुकला नाही.

राज्यसंस्थेकडे असे खळ्यावरून पाहण्याची दृष्टी मराठी वैचारिक गद्याला ज्यांनी दिली, त्यांत कै. शरद जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जोशी (१९३५–२०१५) मुळात वाणिज्य विषयाचे अभ्यासक. भारतीय टपाल सेवेत आणि नंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत त्यांनी नोकरी केली. ती सोडून ते स्वदेशी परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू शेती विकत घेतली. १९८० च्या सुमारास कांद्याच्या भावासाठी चाकणला सुरू झालेल्या लढ्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला आणि २००४ ते २०१० या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. हे सारे सर्वश्रुत आहे. त्यांच्या ग्रंथांचे समीक्षण मात्र त्या मानाने थोडे झाले. त्यांचे अनुयायी ती पुस्तके पूज्यभावाने वाचतात आणि विरोधक न वाचताच बाजूला ठेवतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टी टाळण्याचा प्रयत्न केला आहे.

‘शेतकऱ्यांचा राजा शिवाजी’, ‘चांदवडची शिदोरी’, ‘स्वातंत्र्य का नासले?’, ‘अंगारमळा’ ही पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली म्हणजे त्यांतील गद्याचा एक गुण प्रकर्षाने जाणवतो. लेखक हिशेब मांडतो. क्विंटलभर पिकाला बियाणे किती, खत किती, मजुरी किती, घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल किती, हे तो वाचकासमोर जमाखर्चाच्या वहीसारखे ठेवतो. मग बाजारात हाती काय आले ते दाखवतो आणि उरलेल्या शून्याचा अर्थ विचारतो. शेतकऱ्याच्या दारिद्र्यावर मराठीत पुष्कळ करुणरसाचे लिखाण झालेले आहे. त्या लिखाणाने आपल्या डोळ्यांत पाणी आणले. जोशींनी आकडे दिले. त्यांची पुष्कळशी पुस्तके भाषणांतून व प्रशिक्षण शिबिरांतून आकाराला आली असल्यामुळे त्यांत पुनरुक्ती आहे. पण बोलण्यातला सरळपणाही त्यांत टिकला आहे.

या हिशेबाच्या तळाशी एक तत्त्वज्ञान आहे. त्याला ते व त्यांचे सहकारी स्वतंत्रतावाद म्हणत. त्याचा गाभा असा : सरकारजवळ स्वतःचे असे काही नसते; जे असते ते कुणाकडून तरी सक्तीने घेतलेले असते. म्हणून सरकारचे काम कायदा व सुव्यवस्था राखण्याइतके मर्यादित असावे आणि माणसाच्या श्रमाचे, मालमत्तेचे व देवघेवीचे निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत. इतिहासात जोशी आणखी मागे जातात. शेतीत पेरल्यापेक्षा अधिक उगवते. हे वरकड उत्पन्न लुटण्यासाठीच प्रथम टोळ्या आल्या आणि त्यांच्यातूनच पुढे राजे निपजले, असे ते मांडतात. स्वराज्यात रयतेला या लुटीपासून संरक्षण मिळाले, म्हणून शिवाजी महाराज त्यांना शेतकऱ्यांचे राजे वाटतात.

हे विचार पाश्चात्त्य पुस्तकांतून उसने आणले असते, तर त्यांना महाराष्ट्राच्या मातीत रुजता आले नसते. जोशींच्या हाती येथलेच पुरावे होते. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा सरकारला शेतमालाच्या साठ्यावर, किमतीवर आणि वाहतुकीवर बंधने घालू देतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना होती आणि स्वतःच्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरत होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मालकाच्या संमतीला जागाच नव्हती. तो कायदा १२० वर्षे चालला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण केले. त्यात घातलेल्या कायद्यांविरुद्ध मूलभूत हक्कांचा आधार घेऊन न्यायालयात दाद मागता येईनाशी झाली. आरंभी १३ असलेली त्या कायद्यांची संख्या पुढे २८४ झाली. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. सक्ती हा शब्द तेथे अलंकारिक राहिला नाही.

शिवाय हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी २०२४ च्या मे महिन्यापर्यंत राहिली. सोलापूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या नेणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला जोशींचे पान तेव्हा कालच लिहिल्यासारखे वाटले असेल. २०२० मध्ये आवश्यक वस्तू कायद्यात बदल करणाऱ्या कायद्यासह तीन शेती कायदे संमत झाले आणि दिल्लीच्या सीमेवरील दीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले. पंजाबचा शेतकरी सरकारी खरेदी टिकावी म्हणून रस्त्यावर बसला होता, तर महाराष्ट्रातली शेतकरी संघटना त्या कायद्यांचे स्वागत करीत होती. एकाच देशातल्या दोन शेतकऱ्यांची सरकारविषयीची भीती इतकी वेगळी असू शकते, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला जोशींचा हा आरोप अपरिचित वाटणार नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील आठव्या अध्यायात इस्राएल लोक राजा मागतात, तेव्हा वृद्ध संदेष्टा त्यांना बजावतो की हा राजा तुमची मुले लढाईस नेईल, उत्तम शेते व द्राक्षमळे आपल्या चाकरांना देईल आणि धान्याचा दशांश घेईल. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतही राज्याला मर्यादा घातलेली आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी खाजगी मालमत्तेचा हक्क नैसर्गिक मानला. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी पूरकतेचे तत्त्व मांडले : जे कुटुंबाला किंवा गावाला करता येते, ते वरच्या सत्तेने त्यांच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. येथपर्यंत जोशींबरोबर चालताना आपल्याला अडखळण्याचे कारण नाही.

अडखळावे लागते ते पुढे. सक्ती करणारे हात एकट्या सरकारलाच असतात काय?

१९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार केले. राज्याने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य उरते, हे मान्य करून ते पुढे विचारतात की हे उरलेले स्वातंत्र्य कोणाचे. जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे ते स्वातंत्र्य असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. शेती हा राज्याचाच उद्योग व्हावा, हा त्यांनी तेव्हा सुचवलेला उपाय आज फारसा कुणी मान्य करणार नाही. त्यांच्या प्रश्नाला मात्र जोशींच्या लिखाणात पुरेसे उत्तर सापडत नाही. गावाने एखाद्या घराचे पाणी तोडले, दुकानदाराने मीठ देणे थांबवले, तर त्यात सरकार कोठेच नसते. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने वागत असतो आणि तरीही एक कुटुंब देशोधडीला लागते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा संमत केला, तो याच सक्तीवरचा इलाज म्हणून. तेथे कायद्याने कुणाचे स्वातंत्र्य घेतले आणि कुणाला दिले, याचा हिशेबही त्याच वहीत मांडावयास हवा होता.

दुसरे उदाहरण आपल्या दुष्काळी भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर लेकरे जगली. वि. स. पागे यांच्या चिंतनातून निघालेल्या रोजगार हमी योजनेला त्या काळात व्यापक रूप आले. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करावयास १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. शहरातल्या पगारदाराच्या हाती वेतन पडण्यापूर्वीच तो कापला जातो. स्वतंत्रतावादाच्या काटेकोर भाषेत ही सक्तीच आहे, कारण कुणीही त्या पगारदाराची परवानगी विचारली नव्हती. त्या सक्तीतून परंडा, भूम, करमाळ्याच्या बायाबापड्यांना दान न मागता काम मागण्याचा हक्क मिळाला. हजेरीपटावर खोटी नावे लागली आणि निकृष्ट कामे झाली हे खरे आहे. त्याबद्दलचा राग रास्त आहे. पण सावकाराच्या दारी न जाता तहसील कचेरीत जाऊन काम मागणारी बाई त्या दिवशी पूर्वीपेक्षा अधिक स्वतंत्र होती, हेही खरे आहे. कर म्हणजे लूट, एवढ्या एका समीकरणात हे दुसरे सत्य बसत नाही.

जोशींच्या विचाराची खरी कसोटी त्यांच्याच सर्वांत सुंदर कार्यात लागते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम सुरू झाला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा स्वखुशीने पत्नीच्या नावे करून द्यावा, असे ते आवाहन होते. कायद्याचा बडगा नाही, अनुदानाचे आमिष नाही, केवळ विवेकाला घातलेली साद. आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती ऐकली. स्वेच्छेवर विश्वास टाकणाऱ्या तत्त्वज्ञानाची याहून चांगली साक्ष मिळणे कठीण आहे. २०१० साली महिला आरक्षणाच्या विधेयकाला राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असे मतदान झाले, त्यातले विरोधाचे एकमेव मत जोशींचे होते. त्यांचा आक्षेप मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होता. चांदवड डोळ्यांसमोर ठेवले, तर त्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तथापि लक्ष्मीमुक्तीचा शेवट कोठे होत असे? तलाठ्याकडे. फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागले, म्हणजे ती जमीन तिची झाली. उद्या नवऱ्याचे मन फिरले, दीर भांडावयास उभा राहिला, तर तिच्यामागे उभा राहणारा आधार तो कागद आणि त्या कागदामागची राज्यसंस्था. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्या स्वतंत्रतावादाला हे नाकारता येणार नाही. जोशी कायदा-सुव्यवस्थेपुरते सरकार मान्य करीत होतेच. पण ते ‘पुरते’ केवढे, हे दुर्बळाच्या बाजूने मोजले म्हणजे ती रेघ बरीच पुढे सरकते.

हे सारे आपल्या घरापर्यंत आणून पाहू. भारतातील ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार त्याच्या विधवेला एक तृतीयांश मिळते आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. कायद्याने आपल्या लेकींना समान मानले त्याला आता १०० वर्षे झाली. प्रत्यक्षात काय होते, ते आपण जाणतो. बाप जाऊन वर्षही होत नाही तोच बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. कागदावर शब्द असतात : राजीखुशीने. माहेरचा उंबरा बंद होईल या धाकाने केलेली ती सही राजीखुशीची असते काय? तेथे पोलीस नाही, तलाठ्याने सक्ती केलेली नाही. भाऊ हसतमुखाने शेजारी बसलेला असतो. सरकारच्या सक्तीविषयी सारे आयुष्य लिहिणाऱ्या लेखकाचे वाचन या सहीपाशी आपल्याला अस्वस्थ करते. तशा कागदावर साक्षीदार म्हणून ज्या धर्मगुरूंना बोलावले जाते, त्यांनाही ते अस्वस्थ करावे.

शास्ते या पुस्तकाचे शेवटचे अध्याय फारसे कुणी मोठ्याने वाचत नाही. तेव्हा इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरे दिसे ते तो करी, आणि त्याची किंमत एका असहाय स्त्रीने प्राणांनी चुकवली. शमुवेलाचा इशारा आणि ही कथा पवित्र शास्त्राने एकत्र जपून ठेवली आहे. जोशींनी आपल्याला पहिली बाजू शिकवली आणि त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस कायद्याची व्याख्या करताना सामर्थ्याआधी विवेक आणि सर्वांचे हित यांचा उल्लेख करतात. त्या मापाने निर्यातबंदीचा हुकूम तोलावा, रोजगार हमीचा कर तोलावा, आणि पुढच्या वेळी घरात हक्कसोडपत्र पुढे आले की तेही त्याच तराजूत घालावे. जोशींची पुस्तके अवश्य वाचावीत. ती वाचताना घरातल्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, तेवढे एकदा पाहून घ्यावे.