प्रत आणि नक्कल

छापलेले चित्र म्हणजे मूळ चित्राची नक्कल, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. ड्रायपॉइंट या मुद्रणप्रकाराकडे लक्षपूर्वक पाहिले असता हा समज टिकत नाही.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. 'ड्रायपॉइंट एचिंग' असे जोडनाव प्रचारात आहे. ते सदोष आहे. एचिंगमध्ये रेघ आम्लाने खाल्ली जाते. एनग्रेव्हिंगमध्ये टोकदार हत्याराने धातू काढून टाकतात व कडा तासतात. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसते आणि सुई धातू काढीत नाही, बहुतांशी बाजूला सारते. रेघेच्या कडेला उठलेला हा कंगोरा शाई धरून ठेवतो आणि कागदावर रेघेभोवती मखमली सावली उमटते. मात्र प्रत्येक छापाच्या दाबाखाली कंगोरा चेपत जातो. थोड्याच प्रतींनंतर रेघ कृश होते. एका पत्र्याच्या दोन प्रती म्हणूनच तंतोतंत सारख्या नसतात.

याउलट उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. नाना फडणीसांच्या काळी आरंभिलेला ताम्रपत्र्यांवरून गीता छापण्याचा उद्योग त्यांच्या मृत्यूनंतर १८०५ साली मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, सिद्धीस गेला. तेथे कोरीव अक्षर हवे होते, कारण प्रत्येक प्रतीत पाठ एकच राहावा हा हेतू होता. रेम्ब्रांटने १६५३ च्या सुमारास 'तीन क्रूस' हे चित्र ड्रायपॉइंटने केले आणि पुढे तोच पत्रा खरवडून, नव्या रेघा ओढून त्यातून निराळेच, काळोखाने भरलेले दृश्य काढले. १९१६ साली अमेरिकेत मुद्रणकला शिकलेल्या मुकुल डे यांनी ही रीत भारतात रुजविली.

येथे हस्तलिखित पोथ्यांतील पाठभेदांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य मर्यादित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती मूळ पाठ आहे या श्रद्धेने. ड्रायपॉइंटमध्ये असा मूळ पाठ नाही. पत्र्यावरचे चित्र उलटे व मुके असते; कागदावर आल्यावाचून ते चित्रच नव्हे. येथे प्रत आहे, पण जिची ती प्रत म्हणावी असे मूळ नाही.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. जोयड्यासारख्या रानावनाच्या तालुक्यात तांबे व दाबयंत्र दोन्ही दुर्मिळ. मुले प्लॅस्टिकच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढतात आणि ओलसर कागद पळीच्या पाठीने घासून छाप घेतात. परीक्षक त्यांतील एकच 'स्वच्छ' प्रत मागतो व उरलेल्या टाकाऊ ठरवितो. वस्तुतः मुलाने काय पाहिले, दाब कोठे वाढविला, शाई कोठे पुसली, हे त्या टाकाऊ प्रतींतच वाचावयास मिळते. पहिली, पाचवी व शेवटची प्रत शेजारी ठेवूनच गुण द्यावेत. निबंधाच्या कच्च्या खर्ड्याकडे आपण ज्या आस्थेने पाहतो, तीच आस्था येथे अपेक्षित आहे.