बिनसाहेबाचा वाद्यवृंद, साहेबांच्या नावाची कीर्ती

'अमुक जगात सर्वोत्तम आहे' असं वाक्य लिटरेचर रिव्ह्यू करताना दिसलं की तिथे थांबायचं आणि विचारायचं: कुणी ठरवलं, कशावरून? आज हाच प्रश्न प्रयोगशाळेबाहेरच्या एका गोष्टीला विचारून बघू. गोष्ट आहे 'चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप'ची. जगातल्या अव्वल चेंबर ऑर्केस्ट्रांमध्ये त्याचं नाव हमखास घेतलं जातं.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातली सिनेगीतं आठवतात. हा प्रकार वेगळा. साधारण साठ वादक, पाश्चात्त्य अभिजात संगीत, आणि मोठ्या सिंफनी वाद्यवृंदापेक्षा आटोपशीर आकार. स्थापना 1981 ची. युरोपीय समुदायाच्या युवा वाद्यवृंदातून वयामुळे बाहेर पडणाऱ्या तरुणांना एकत्र वाजवणं सोडवत नव्हतं, म्हणून त्यांनी हा स्वतःचा वाद्यवृंद काढला. कायमचा मुख्य कंडक्टर ठेवायचा नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य आजही टिकून आहे. सभासद एरवी आपापल्या ठिकाणी वाजवतात, शिकवतात. दौऱ्यांपुरते एकत्र येतात. म्हणजे लॅब आहे, पण कायमचा गाईड नाही!

आता कीर्तीचा पुरावा बघू. पहिला, रोसिनीचा 'इल व्याज्जो आ रँस' हा ऑपेरा. 1825 साली पॅरिसमध्ये राज्याभिषेकासाठी रचलेला आणि नंतर विखुरलेला. संशोधकांनी त्याची पानं जुळवली आणि 1984 मध्ये इटलीतल्या पेझारोत क्लाउडिओ आबाडोंनी हाच वाद्यवृंद घेऊन तो सादर केला. त्या ध्वनिमुद्रणाला 1986 मध्ये ब्रिटिश मासिक 'ग्रामोफोन'चा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा पुरस्कार मिळाला. 1992 मध्ये तोच मान बेथोव्हनच्या नऊ सिंफनींना मिळाला. त्या ग्राझमध्ये निकोलाउस हार्नोनकोर्ट यांच्यासोबत मुद्रित झाल्या होत्या. त्यात बाकी वाद्यं आजची, पण ट्रम्पेट मात्र जुन्या पद्धतीचे, बिनझडपांचे. ऐकलंत तर तो खरखरीत, उघडा आवाज लगेच कळेल.

इथे मला खटकतं ते असं. दोन्ही रेकॉर्ड लोकांच्या तोंडी 'आबाडोंचा रोसिनी' आणि 'हार्नोनकोर्टचा बेथोव्हन' म्हणूनच आहेत. ज्या वाद्यवृंदाने साहेब नको म्हटलं, त्याची कीर्ती साहेबांच्या नावावर उभी राहिली. मग ती वाद्यवृंदाची म्हणायची की कंडक्टरची? आपल्या भाषेत सांगायचं तर इथे दोन व्हेरिएबल एकमेकांत अडकलेत.

सुदैवाने ते बऱ्याच अंशी सुटे करता येतात, आणि त्यासाठी शूबर्ट उपयोगी पडतो. आबाडोंनी याच वाद्यवृंदासोबत शूबर्टच्या सिंफनी 1986-87 मध्ये मुद्रित केल्या. हार्नोनकोर्टनी याच वादकांसोबत त्या 1988 मध्ये ग्राझला मैफिलीत वाजवल्या. ते मुद्रणही उपलब्ध आहे. पुढे 1992 मध्ये हार्नोनकोर्टनी त्याच सिंफनी अॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर केल्या. म्हणजे एकदा वाद्यवृंद तोच आणि कंडक्टर वेगळा, एकदा कंडक्टर तोच आणि वाद्यवृंद वेगळा. कंट्रोल आयता हातात!

तिन्ही ऐकल्यावर माझं मत असं झालं. आबाडोंकडे चाल वाहती राहते. हार्नोनकोर्टकडे आघात टोकदार होतात, मधल्या शांतता लांबतात. हा फरक कंडक्टरचा. पण दोन्हींत बासरी, ओबो, क्लॅरिनेट एकमेकांचं ऐकून उत्तर दिल्यासारखे वाजतात, आणि तंतुवाद्यांच्या गर्दीत ते बुडत नाहीत. अॅम्स्टरडॅमला आघात तेच, पण आवाजाला जाडी येते आणि तो संवाद थोडा मागे सरकतो. माझ्या कानाला हा उरलेला भाग वाद्यवृंदाचा वाटतो. अर्थात सभागृह वेगळं, मायक्रोफोन वेगळे, मुद्रणाच्या परिस्थितीही वेगळ्या. तेव्हा हा निष्कर्ष 'सूचित होतं' एवढ्यावरच ठेवा, 'सिद्ध झालं' लिहू नका.

आबाडोंच्या शूबर्टची आणखी एक बाजू आपल्या कामाची आहे. या सिंफनींची जुनी छापील आवृत्ती 1880 च्या दशकात ब्राह्म्सने संपादित केली होती आणि त्याला पटलं तिथे त्याने फेरफारही केले होते. शूबर्ट 1828 मध्येच वारलेला, तक्रार कोण करणार? पुढच्या वाद्यवृंदांनी ती आवृत्ती मूळ समजून वाजवली. आबाडोंच्या मुद्रणासाठी मात्र थेट हस्तलिखितं तपासली गेली. हे काम केलं स्टेफानो मोल्लो यांनी, आणि ते याच वाद्यवृंदाचे सभासद. ब्राह्म्ससारख्या माणसाने दुरुस्त केलेला डेटासुद्धा डेटा नसतो, हे तपासायला कुणीतरी मूळ कागदापर्यंत जावं लागतं. तरी चर्चेत नाव आबाडोंचं. ऑथरशिपचा वाद फक्त आपल्याच डिपार्टमेंटला आहे असं समजू नका.

मग ही कीर्ती खरी का? माझं उत्तर: बऱ्याच अंशी हो, पण पुरावा हेडन, मोझार्ट, बेथोव्हन, शूबर्ट या पट्ट्यातला आहे. कीर्ती ज्या रेकॉर्डवर उभी आहे त्यात विसाव्या शतकाला फारशी जागा नाही. म्हणून 'जगात सर्वोत्तम' ऐवजी 'या संगीतासाठी, या काळात, फार वरचा' इतकंच म्हणेन.

एक काम करा. शूबर्टच्या पाचव्या सिंफनीची पहिली पाच मिनिटं या तिन्ही मुद्रणांत ऐका. वाद्यवृंदाचं काय आणि कंडक्टरचं काय, याची दोन रकान्यांची यादी करा. मग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जिथे जिथे 'सर्वमान्य' लिहिलंय, तिथे तेच दोन रकाने काढून बघा. गाईडने विचारण्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.