झीलकऱ्यांशिवाय शाहिरी

विलास घोगरे मुलुंडच्या वस्तीतले शाहीर. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि 10 माणसे मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये ज्यांचे गाणे आहे, ते हेच घोगरे. त्यांच्या मृत्यूचा माग काढत पटवर्धन 14 वर्षे चित्रीकरण करत राहिले आणि 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. या माहितीपटातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. ज्या कलापथकात घोगरे गायले, त्यातून त्यांना आधीच काढून टाकलेले होते. त्यांच्या मरणाचे कारण तेवढेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या माणसाने वस्त्यांना धीर दिला, त्याच्या मागे झील धरायला त्या चार दिवसांत कोणी नव्हते.

दहशतीच्या काळात आशेची कला कशी करायची, ही चर्चा आपल्याकडे नेहमी आशयावर येऊन थांबते: गाण्यात उद्याची पहाट आहे की नाही, शेवटी मूठ उंचावली की नाही. मला हे अपुरे वाटते. शाहिरीतली आशा आधी तिच्या बांधणीत असते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, दुसऱ्या कडव्याला समोर मांडी घालून बसलेली माणसेही ती उचलतात. कार्यक्रम संपेपर्यंत गाणे गावाचे झालेले असते. राग एकट्याला गाता येतो. आशा एकट्याने गायली, तर ती भाषण होते.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांना हे नेमके कळले होते. 1944 मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. जगात युद्ध, बंगालात दुष्काळ, गिरणगावात उपासमार, असा तो काळ. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा मोडला नाही, त्याचे वळण बदलले. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, श्रमिक आणि हुतात्मे आले, गवळण गेली, वगातला राजा जाऊन सावकार आणि मालक आले. बतावणीचा विनोद मात्र त्यांनी जपला, कारण हसलेला माणूस थोडा कमी घाबरतो. पुढे सरकारी बंदी आली, तरी ही माणसे गात राहिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड तर या विषयावरचा धडाच आहे. मुंबईला आलेला कष्टकरी आणि गावी राहिलेली त्याची बायको, म्हणजे मूळ सूर विरहाचा. त्या खाजगी दुःखात बेळगाव, कारवार दुरावल्याची सल मिसळते आणि विरहगीताचे लढ्याचे गाणे होते. यात खोटा दिलासा कुठेच नाही. जे हातून गेले त्याचे नाव घेऊनच ते गाणे पुढे पाऊल टाकते. आशेला असा ठावठिकाणा लागतो, गावाचे, माणसाचे, मागणीचे नाव लागते. वामनदादा कर्डक यांच्याकडेही हेच दिसते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या, कोणत्याही शाळेशिवाय अक्षरओळख करून घेतलेल्या या कवीने बाबासाहेबांची थोरवी गायली आणि त्याच दमात देशाच्या संपत्तीतला आमचा वाटा कुठे आहे, असा जाबही विचारला.

आजचे चित्र काय आहे? 2002 च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. त्यातल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल 2013 मध्ये विधान भवनाबाहेर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. शीतल साठे यांना जामीन मिळाला तेव्हा त्या गरोदर होत्या. माळी 2017 पर्यंत तुरुंगात होते. सप्टेंबर 2020 मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली आणि खटल्याची वाट पाहण्यात त्यांची वर्षे गेली. डफावर हात पडण्याआधी गाणाऱ्याच्या मनात वकिलाचा विचार यावा, ही अवस्था आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केल्यावर ही धास्ती वाढली नसती तरच नवल.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014) या भीतीचे अचूक चित्र काढले. वीरा साथीदार यांनी उभा केलेला नारायण कांबळे सुटल्यावर पुन्हा गातो आणि पुन्हा पकडला जातो. चित्रपट थोर आहे, पण तो शाहिराला न्यायालयाच्या खोलीतून पाहतो. वस्तीतल्या माणसांना त्याच्या गाण्यातून काय मिळते, हे त्याचे क्षेत्र नाही.

भीतीइतकेच नुकसान दुसऱ्या एका गोष्टीने केले आहे, आणि ते आपल्या हातून झाले आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे नाचता येते, पण झील धरता येत नाही. भीमगीतांचे पीक उदंड आहे, त्यातला जाब मात्र आटत चालला आहे. कडूबाई खरात यांच्यासारखा आवाज एकतारीवर उभा राहतो तेव्हा फरक लगेच जाणवतो: तिथे भक्ती आहे, आणि तिच्या तळाशी भाकरीचा हिशेबही आहे.

नव्या पिढीचा रॅप मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. 2023 मध्ये सत्तांतरावरच्या रॅपसाठी राज मुंगासे यांच्यावर गुन्हा नोंदला गेला, म्हणजे शब्द लागला होता. तरीही बरेचसे मराठी रॅप एका माणसाच्या संतापावर संपते. ‘स्वदेशी’ या गटाने आरेच्या जंगलासाठी 2019 मध्ये ‘द वारली रिव्हॉल्ट’ केले आणि त्यात आरेतलेच प्रकाश भोईर गायले. तिथे आदिवासी चाल आणि रॅप एकमेकांची झील धरतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात जागा मिळते. गेल्या काही वर्षांतल्या मराठी मुलखातल्या गाण्यांत मी त्याला फार वरचे स्थान देतो.

संभाजी भगत यांचे कार्यक्रम आणि शीतल साठे-सचिन माळी यांचा नवयान महाजलसा हे आजही डफ-ढोलकीवर लोकांना गाते करतात. त्यांना बोलावणारे कमी झाले आहेत, ऐकणारे नव्हेत. जयंती मंडळांनी, वाचनालयांनी, महाविद्यालयांनी डीजेच्या सुपारीतला एक हिस्सा कलापथकाच्या बिदागीसाठी काढावा. आणि शाहिरावर गुन्हा दाखल झाला, तर त्याच्या जामिनाच्या तारखेला कोर्टात जाऊन बसावे.