कुंपण, शेत आणि स्पर्धा न करण्याचे पैसे



मागच्या वेळी आपण वचन म्हणजे काय, यावर बोललो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं कांटपर्यंत ठीक आहे, पण व्यवहारात वचनाला काय किंमत असते?" मी म्हटलं, पुढच्या वेळी किंमतच सांगतो, डॉलर्समध्ये. तर आज ती सांगायची आहे. निमित्त आहे एका पुस्तकाचं. कॉनराड ब्लॅक या कॅनेडियन वृत्तपत्र-मालकाचं 'अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल' हे आत्मकथन 2011 साली आलं. शीर्षकातच 'तत्त्व' आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं अशा पुस्तकाकडे दुर्लक्ष कसं करायचं?

आधी माणूस कोण ते पाहू. ब्लॅक आणि त्यांचे दोन भागीदार, डेव्हिड रॅडलर आणि पीटर व्हाइट, यांनी 1969 मध्ये क्वेबेकमधलं 'शेरब्रुक रेकॉर्ड' हे लहानसं इंग्रजी दैनिक घेतलं. सुरुवात एवढीच. 1978 मध्ये आर्गस कॉर्पोरेशन ही कॅनडातली मोठी गुंतवणूक कंपनी ताब्यात आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लंडनचं 'डेली टेलिग्राफ' आलं. पुढे 'शिकागो सन-टाइम्स', 'जेरुसलेम पोस्ट' आणि कॅनडातली मोठमोठी दैनिकं आली. 1998 मध्ये त्यांनी 'नॅशनल पोस्ट' हे नवं राष्ट्रीय दैनिक काढलं. माणूस बुद्धिमान, वाचन प्रचंड, रूझवेल्ट यांचं जाडजूड चरित्र लिहिलेलं. हा काही फक्त पैशामागे धावणारा अडाणी शेठजी नव्हे. म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे.

आता यंत्रणा समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. वरती रेव्हल्स्टन ही ब्लॅक आणि मंडळींची खासगी कंपनी. तिच्याखाली हॉलिंजर इंकॉर्पोरेटेड. तिच्याखाली हॉलिंजर इंटरनॅशनल, जिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात कुणीही विकत घेऊ शकत होतं. या शेवटच्या कंपनीत वरच्या मंडळींचे पैसे सुमारे 30 टक्के, पण मतं मात्र 70 टक्क्यांहून जास्त. एका प्रकारच्या समभागाला दहा मतं, दुसऱ्याला एक. म्हणजे बघा, शेत बहुतेक दुसऱ्यांचं आणि राखण करणारा एकटा. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं. पण न्याय करायचा तर आधी विचारलं पाहिजे: खाल्लं का, आणि किती?

इथे 'नॉन-कम्पीट' हा शब्द येतो. समजा, तुम्ही गावातलं वृत्तपत्र विकलं. घेणारा म्हणतो, बाबा रे, पैसे घेऊन उद्या समोरच्या गल्लीत दुसरं काढू नकोस. तसं वचन तुम्ही देता आणि त्याचे पैसे वेगळे घेता. यात गैर काही नाही. पण वचन द्यायचं कुणी? पत्र विकलं कंपनीनं, मग वचनाचे पैसेही कंपनीकडेच, म्हणजे सगळ्या भागधारकांकडे यायला हवेत. हॉलिंजरच्या अनेक व्यवहारांत त्यातला वाटा ब्लॅक, रॅडलर आणि इतर अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या खात्यात गेला. शिवाय त्या काळात कॅनडाच्या कायद्यात व्यक्तीला मिळालेल्या अशा रकमेवर कर लागत नव्हता.

सगळ्यात विलक्षण प्रकरण आहे अमेरिकन पब्लिशिंग कंपनीचं. ही हॉलिंजरचीच उपकंपनी. तिनं आपली जवळजवळ सगळी पत्रं विकून टाकली होती. उरलं होतं एक साप्ताहिक, कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स या गावचं. लोकवस्ती सात हजारांच्या आसपास. ब्लॅक आणि सहकाऱ्यांना या कंपनीकडून 55 लाख डॉलर्स मिळाले. कशाबद्दल? तिच्याशी स्पर्धा न करण्याबद्दल. म्हणजे आपल्याच कंपनीशी. धनादेशांवर तारखा मागच्या टाकलेल्या होत्या, हे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे.

(सभागृहात हशा.)

हसा, पण थांबा. मी तुम्हाला म्हटलं की एव्हरेस्टवर न चढण्याचं वचन देतो, पाच लाख द्या, तर तुम्ही द्याल का? नाही देणार. वचनाला किंमत येते ती वचन देणाऱ्याला एरवी ती गोष्ट करता आली असती म्हणून. लंडन आणि शिकागोत दैनिकं चालवणारा माणूस मॅमथ लेक्समध्ये साप्ताहिक काढणार होता का? जे करायचा विचारच नव्हता, ते न करण्याचं वचन रिकामं असतं. त्यामुळे ते पैसे दुसऱ्याच कशाचे तरी असणार. बचाव पक्षानंही एका अर्थी हेच सांगितलं: ते खरं म्हणजे व्यवस्थापनाचं शुल्क होतं, कर वाचावा म्हणून त्याला हे नाव दिलं. म्हणजे नाव खोटं होतं हे मान्यच झालं! मग प्रश्न उरतो की ते शुल्क किती असावं, हे कुणी ठरवलं.

या प्रश्नाला आत्मकथनात तीन उत्तरं मिळतात. तिन्हींना मी गंभीरपणे घेतो.

पहिलं: संचालक मंडळाला माहीत होतं. मंडळ काही साधं नव्हतं. हेन्री किसिंजर होते, रिचर्ड पर्ल होते. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष होते जेम्स थॉम्पसन, इलिनॉयचे माजी गव्हर्नर, स्वतः एकेकाळचे सरकारी वकील. खटल्यात साक्ष देताना त्यांनी कबूल केलं की ती कागदपत्रं त्यांनी नुसती चाळली होती. ब्लॅक म्हणतात, कागद समोर ठेवले, त्यांनी वाचले नाहीत, यात माझा काय दोष? युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड. पण न वाचणाऱ्या माणसाची सही म्हणजे संमती का? आणि ती माणसं त्या खुर्चीवर निवडली कुणी?

इथे एक कबुली देतो. एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं होतो. दर बैठकीत इतिवृत्त फिरायचं, चहा यायचा, मी सही करायचो. एकदा 'सल्लागार मानधन' अशी एक नोंद माझ्या सहीनं मंजूर झाली. तो सल्लागार कोण, सल्ला कसला, हे मी विचारलंच नाही. दोन वर्षांनी कळलं, तेव्हा मान खाली गेली. चोरी मी केली नव्हती. पण चोरी होऊ शकेल अशी जागा माझ्या सहीनं तयार झाली होती. म्हणून थॉम्पसन यांच्यावर मी हसत नाही.

दुसरं उत्तर: ही संपत्ती मीच निर्माण केली. हे बरंचसं खरं आहे. 2000 साली कॅनडातली दैनिकं आणि 'नॅशनल पोस्ट'चा निम्मा हिस्सा इझी ॲस्पर यांच्या कॅनवेस्टला तीन अब्जांहून अधिक कॅनेडियन डॉलर्सना विकला, तेव्हा वृत्तपत्रांचे दिवस फिरायला लागले होते. नऊ वर्षांत कॅनवेस्ट कर्जाखाली दबून न्यायालयात गेलं. विकणाऱ्याचं भाकीत अचूक होतं. त्या व्यवहारातही आठ कोटी कॅनेडियन डॉलर्स स्पर्धाबंदीपोटी वेगळे निघाले होते, आणि ज्युरीनं त्याबद्दल ब्लॅक यांना निर्दोष ठरवलं, हेही सांगितलं पाहिजे. पण संपत्ती वाढवली म्हणून ती माझी होत नाही. शेत पिकवणाऱ्याला मजुरी मिळते, वाटा मिळतो. तो वाटा स्वतःच्या हातानं मोजून घ्यायचा नसतो. 1986 मध्ये ब्लॅक यांच्या ताब्यातल्या डोमिनियन स्टोअर्सच्या कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतली शिल्लक कंपनीनं काढून घेतली, तेव्हाही वाद हाच होता: ही शिल्लक कुणाची? न्यायालयानं सरकारी आयोगाची परवानगी रद्द केली.

तिसरं उत्तर सर्वांत बळकट आहे: माझ्यावर अन्याय झाला. रॅडलर यांनी गुन्हा कबूल करून साक्ष दिली आणि त्यांना कमी शिक्षा झाली. 2007 मध्ये शिकागोत ब्लॅक यांच्यावरचे तेरापैकी चार आरोप सिद्ध झाले, साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'प्रामाणिक सेवे'च्या कायद्याचा अर्थच आखडला. त्यानंतर मॅमथ लेक्सच्या पैशांबाबतचा दोषही टिकला नाही. शेवटी फसवणुकीचा एक, 6 लाख डॉलर्सचा, आणि टोरंटोच्या कार्यालयातून तेरा खोकी बाहेर नेल्याबद्दल न्यायात अडथळा आणण्याचा एक, असे दोन आरोप कायम राहिले. शिक्षा 42 महिन्यांवर आली. 2019 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. कबुलीच्या सौद्यांवर चालणाऱ्या त्या न्यायपद्धतीवर ब्लॅक यांनी केलेली टीका मला पटते. तुरुंगात सहकैद्यांना शिकवण्याची जी पानं आहेत, ती पुस्तकातली सर्वांत माणुसकीची पानं आहेत.

पण मित्रहो, चूक इथेच आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन पुस्तक पहिल्या दोघांचे गुण मागतं. सरकारी वकिलानं अति केलं, हे सिद्ध झाल्यानं मी बरोबर वागलो, हे सिद्ध होत नाही. न्यायालय विचारतं, हा गुन्हा आहे का? विश्वस्तानं स्वतःला विचारायचं असतं, ज्यांच्यासाठी मी हे सांभाळतो, त्यांच्यासमोर उभं राहून मी हे बोलू शकेन का? गुन्हा नाही, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसरा तसाच उरतो. आणि 2004 मध्ये डेलावेअरच्या न्यायालयात, जिथे तुरुंगाचा प्रश्नच नव्हता, न्यायमूर्ती लिओ स्ट्राइन यांनी ब्लॅक यांनी कंपनीशी असलेलं विश्वस्ताचं कर्तव्य मोडलं, असाच निर्णय दिला होता.

सौदा म्हटलं की आपल्याला दोन माणसं दिसतात, घेणारा आणि देणारा. टीव्हीवरचे उद्योजकांचे कार्यक्रमही तेच दाखवतात. पण बहुतेक मोठ्या सौद्यांत एक तिसरा असतो, जो त्या खोलीत नसतो: लहान भागधारक, निवृत्त कामगार, वाचक. हॉलिंजरमध्ये पहिला प्रश्न कुणी विचारला? ना पोलिसांनी, ना किसिंजर यांनी. ट्वीडी ब्राउन या गुंतवणूक कंपनीनं कागद वाचले आणि पत्र लिहिलं. बस, एवढंच.

जाता जाता एक खंत. ही सगळी माणसं वृत्तपत्रं चालवत होती. दुसऱ्यांना प्रश्न विचारणं हाच त्यांचा धंदा. स्वतःच्या मालकाला मात्र तो प्रश्न बाहेरच्या कुणीतरी विचारावा लागला.

पुढच्या बैठकीत सहीच्या नैतिकतेवर बोलू. तोपर्यंत तुमच्या सोसायटीचं इतिवृत्त आलं, तर सही करण्याआधी एकदा वाचा.